बाटलीत मुरणारी वर्षं: नापा खोऱ्यातल्या एका घरच्या स्पार्कलिंग वाइनची गोष्ट



लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो, मुलांचं ग्रॅज्युएशन असो, नव्या घराची वास्तुशांत होऊन गेल्यावरची मित्रांची पार्टी असो, नाहीतर एकतीस डिसेंबरची रात्र असो, अमेरिकेतल्या आपल्या घरांत कुणी ना कुणी फेस उसळणारी एक बाटली घेऊन येतंच. बूच उडतं, टाळ्या वाजतात, फोटो निघतो आणि दहा मिनिटांत बाटली रिकामी होते. आपल्यातले बरेच जण पीत नाहीत, त्यांच्यासाठी सफरचंदाच्या फेसाळ रसाची बाटली शेजारी असते. पिणं न पिणं ज्याचं त्याचं. पण त्या बाटलीत शिरलेला फेस येतो कुठून, तो तिथे पोहोचायला किती वर्षं लागतात आणि एवढी वर्षं एखादं कुटुंब कशाच्या जोरावर थांबतं, ही गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. विशेषतः ज्यांच्या घरी गावाकडे थोडीफार जमीन आहे, त्यांनी तर जरूर ऐकावी.

त्यासाठी आज आपण कॅलिफोर्नियात जाऊया. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेकडे गाडीनं दीड-दोन तास गेलात की नापा खोऱ्याच्या वरच्या टोकाला कॅलिस्टोगा नावाचं छोटं गाव लागतं. गावाच्या अलीकडे डायमंड माउंटन नावाच्या डोंगरावर, दाट झाडीत, श्रॅम्सबर्ग नावाची वायनरी आहे. डेव्हिस कुटुंब ती १९६५पासून चालवतं. पण जागेची गोष्ट त्याहून शंभर वर्षं जुनी आहे.

याकोब श्रॅम हे जर्मनीहून आलेले गृहस्थ. धंद्यानं न्हावी. १८६२ साली त्यांनी या डोंगरावर सुमारे दोनशे एकर जमीन घेतली. खोऱ्यातली सपाट, काळी जमीन सोडून चढावरची झाडीझुडपांची जमीन घेणारा माणूस तेव्हा लोकांना थोडा वेडाच वाटला असेल. सुरुवातीची वर्षं श्रॅम आसपासच्या गावांत दाढ्या करत हिंडायचे आणि बागेची लावणी त्यांच्या पत्नी ॲनी बघायच्या. एकाचा रोजचा पगार घर चालवतो आणि दुसऱ्याच्या हाताखाली नवा उद्योग उभा राहतो. परदेशात येऊन स्थिरावलेल्या आपल्या कितीतरी घरांचं गणित असंच होतं की नाही?

१८८० साली स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मधुचंद्रासाठी या भागात आला होता. तो श्रॅम यांच्याकडे जाऊन वाइन चाखून आला आणि पुढे ‘द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स’ या पुस्तकात त्यानं या भेटीबद्दल लिहिलं. त्यामुळे श्रॅम यांचं नाव टिकलं. पण त्या डोंगराच्या पोटात जे बोगदे खणले गेले, ते खणणाऱ्या मजुरांची नावं मात्र इतिहासात राहिली नाहीत. ते मजूर चिनी होते. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा रेल्वेमार्ग १८६९ साली पूर्ण झाला आणि त्यावर राबलेले हजारो चिनी कामगार मिळेल त्या कामाकडे वळले. नापातल्या बागा लावण्याचं आणि वायनऱ्यांचे बोगदे कुदळी-फावड्यांनी खणण्याचं काम त्यांनी केलं. भिंतींवर त्या घावांच्या खुणा अजून दिसतात. आणि १८८२ साली याच देशानं कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. तो कायदा रद्द व्हायला १९४३ साल उजाडलं. ही चिनी कुदळ लक्षात ठेवा मंडळी, गोष्टीत ती पुढे पुन्हा येणार आहे.

श्रॅम १९०५ साली गेले. त्यानंतर मुलानं काही वर्षं कारभार पाहिला आणि जागा विकली गेली. द्राक्षवेलींच्या मुळांना लागणारी फिलॉक्सेरा ही कीड आधीच खोऱ्यात पसरली होती. त्यावर १९२० ते १९३३ अशी देशभर दारूबंदी आली. अनेक वायनऱ्यांप्रमाणे ही जागाही ओस पडली.

१९६५ साली जॅक आणि जेमी डेव्हिस या जोडप्यानं ही पडीक जागा विकत घेतली. जॅक हार्वर्डचे एमबीए, चांगल्या नोकरीतले. पदरी लहान मुलं, आणि सर्वांत धाकटा ह्यू त्याच वर्षी जन्मलेला. तेव्हा नापा खोऱ्यात जेमतेम दोन डझन वायनऱ्या असतील. त्यात यांनी निवडलं काय, तर सगळ्यांत किचकट आणि सगळ्यांत जास्त थांबायला लावणारं काम. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात होते तशी, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली स्पार्कलिंग वाइन. तीही शार्दोने आणि पिनो न्वार या तिथल्याच जातींच्या द्राक्षांची. अमेरिकेत तेव्हा फेसाळ वाइन मिळत होती, पण या द्राक्षांची, या पद्धतीनं कुणी फारशी करत नव्हतं. पहिल्या वर्षी तर यांच्याकडे शार्दोने द्राक्षंच नव्हती. मग त्यांनी आपली रीसलिंग शेजारच्या चार्ल्स क्रुग वायनरीला देऊन बदल्यात शार्दोने घेतली आणि काम सुरू केलं. ‘वाटीभर साखर द्या, उद्या परत करते’ हा शेजारधर्म वायनऱ्यांतही चालतो म्हणायचा.

योगायोग बघा. १९६५ हेच ते वर्ष, ज्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेचा नवा इमिग्रेशन कायदा झाला. आपल्यापैकी ज्यांचे काका-मामा किंवा आई-बाबा साठ-सत्तरच्या दशकात इंजिनीअर किंवा डॉक्टर म्हणून इथे आले, ते याच कायद्याच्या वाटेनं. म्हणजे डेव्हिस कुटुंबाचा डोंगरावरचा संसार आणि आपल्या समाजाचा अमेरिकेतला संसार, दोन्ही जवळपास एकाच वयाचे.

आता फेसाकडे येऊ. आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली आठवते? त्यात वायू बाहेरून, यंत्रानं भरलेला असतो. स्पार्कलिंग वाइनमध्ये तो बाहेरून भरत नाहीत, बाटलीतच तयार होऊ देतात. इडलीचं पीठ रात्रभर ठेवल्यावर फुगतं, तसंच हे. यीस्ट साखर खातं आणि त्यातून दोन गोष्टी निघतात: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. साधी वाइन करताना हा वायू हवेत निघून जातो. फेसाळ वाइन करताना तो कोंडून ठेवायचा, एवढाच मुद्दा. पण ‘एवढाच’ म्हणायला सोपं.

सुरुवात बागेतच होते. साध्या वाइनसाठी द्राक्षं पूर्ण गोड होईपर्यंत वेलीवर ठेवतात. फेसाळ वाइनसाठी ती आधीच, बऱ्याचदा ऑगस्टमध्येच खुडतात, आंबटपणा भरपूर आणि साखर कमी असताना. याचं कारण असं की पुढे बाटलीत पुन्हा आंबवायचं असल्यामुळे अल्कोहोल आणखी वाढणारच असतं, आणि तो आंबटपणाच वाइनला वर्षानुवर्षं ताजी ठेवतो. खुडणीही शक्यतो रात्री किंवा पहाटे, गारव्यात. घड आख्खेच्या आख्खे दाबयंत्रात घालून अगदी हलक्या हातानं पिळतात. पिनो न्वार हे काळं द्राक्ष, पण रस जवळपास पांढराच निघतो. खात्री करायची असेल तर एखादं काळं द्राक्ष दातानं फोडून बघा. रंग सालीत असतो, गरात नसतो. सालीशी रस फार वेळ राहू दिला नाही की काळ्या द्राक्षाचीही पांढरी वाइन होते. लेबलावर ‘ब्लाँ द न्वार’ लिहिलेलं असतं ती ही. आणि नुसत्या पांढऱ्या द्राक्षाची ती ‘ब्लाँ द ब्लाँ’.

हा रस पहिल्यांदा आंबला की जी वाइन मिळते ती पातळ, खूप आंबट आणि पिऊन बघितली तर तोंड वाकडं करायला लावणारी असते. इथे वाइनमेकरची खरी परीक्षा. वेगवेगळ्या मळ्यांच्या, वेगवेगळ्या पिंपांतल्या अशा कितीतरी आंबट वाइन चाखायच्या आणि तीन-चार वर्षांनी त्या कशा लागतील याचा अंदाज बांधून मिश्रण ठरवायचं. कैरीची फोड चाखून लोणचं पुढच्या वर्षी कसं लागेल हे सांगणाऱ्या आजीचंच कसब, फक्त जोखीम मोठी.

मग मिश्रण बाटल्यांत भरताना त्यात थोडी साखर आणि थोडं यीस्ट घालतात. दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर, म्हणजे पाऊण लिटरच्या एका बाटलीमागे साधारण चार चमचे. सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण घट्ट बसवलं की बाटल्या त्या गार, अंधाऱ्या बोगद्यांत आडव्या रचायच्या. आत यीस्ट साखर खायला लागतं, वायू कोंडत जातो आणि दाब वाढतो. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की दाब सुमारे एक ॲटमॉस्फियरनं वाढतो. २४ ग्रॅमचे झाले सहा. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या अडीच-तीनपट! म्हणून या बाटल्यांची काच जाड आणि बूड आत वळलेलं असतं. जुन्या काळी काच कच्ची असल्यामुळे एक बाटली फुटली की तिच्या धक्क्यानं शेजारच्याही फुटत, आणि तळघरात काम करणारे लोक तोंडावर लोखंडी जाळी बांधून आत जात.

दोनेक महिन्यांत साखर संपते आणि यीस्ट मरून तळाला साका होऊन बसतं. इथेच थांबून बाटली विकता आली असती. पण खरी चव यापुढे येते. तो साका हळूहळू विरघळत जातो आणि वाइनला भाजलेल्या पावाचा, सुक्या मेव्याचा वास आणि एक मऊपणा देतो. आपल्या भाषेत याला अगदी नेमका शब्द आहे: मुरणं. शॅम्पेन प्रांतातल्या नियमाप्रमाणे साधी शॅम्पेनसुद्धा बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने ठेवावी लागते आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे किती थांबायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं. श्रॅम्सबर्गनं फ्रेंचांच्या बरोबरीनं थांबायचं ठरवलं. ‘जे. श्रॅम’ या नावानं त्यांची जी सर्वांत वरची वाइन आहे, तिला तर याहून कितीतरी जास्त वर्षं मुरू देतात.

शेवटचं काम साका बाहेर काढण्याचं. त्यासाठी बाटल्या भोकं पाडलेल्या तिरक्या लाकडी फळ्यांत मानेकडून खोचतात आणि अनुभवी माणूस रोज प्रत्येक बाटलीला हातानं थोडी गिरकी देऊन थोडी उभी करत जातो. काही आठवड्यांत बाटली पूर्ण उलटी होते आणि सगळा साका मानेत येऊन बसतो. हल्ली बहुतेक ठिकाणी हे काम यंत्राचे पिंजरे आठवड्याभरात करतात, पण श्रॅम्सबर्गमध्ये काही बाटल्या अजून हातानंच फिरवल्या जातात. मग बाटलीची मान अतिथंड द्रावणात बुडवून गोठवतात. झाकण काढलं की आतल्या दाबानं साक्याचा गोठलेला गोळा टप्पकन बाहेर उडतो. जेवढी वाइन सांडली तेवढी भरताना चवीपुरती साखर घातलेली वाइन घालतात, बूच लावतात आणि त्यावर तारेची जाळी बसवतात. झाली बाटली तयार.

आता यातला पैशाचा हिशेब करून बघा. समजा एखादं कुटुंब वर्षाला दहा हजार बाटल्या विकतं आणि प्रत्येक बाटली तीन वर्षं मुरवतं. म्हणजे कुठल्याही दिवशी त्यांच्या तळघरात किमान तीस हजार बाटल्या पडून असणार, ज्यांच्या द्राक्षांचे, काचेचे आणि मजुरीचे पैसे देऊन झालेत, पण ज्यातून एक डॉलरही आलेला नाही. सुरुवातीची तीन-चार वर्षं तर नुसता खर्चच. बँकेचं व्याज मात्र दर महिन्याला येतं, ते मुरायला थांबत नाही. म्हणून या धंद्यात छोटी कुटुंबं कमी आणि मोठ्या कंपन्या जास्त दिसतात. लहान घराला इथे टिकायचं तर द्राक्षांइतकीच धीराची आणि कर्ज बेतानं काढायची सवय लागते.

डेव्हिस कुटुंबाला पहिलं मोठं यश मिळालं ते १९७२च्या फेब्रुवारीत. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन चीनला गेले. वीस-बावीस वर्षं एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन देशांची ती भेट. बीजिंगमध्ये चिनी पंतप्रधान चाउ एन-लाय यांच्याबरोबर शांततेसाठी जो पेला उंचावला गेला, त्यात श्रॅम्सबर्गची १९६९ सालची ब्लाँ द ब्लाँ होती. अवघ्या सात वर्षांपूर्वी सुरू झालेल्या घरच्या वायनरीचं नाव एका रात्रीत देशभर झालं. आता ती कुदळ आठवा. ज्या चिनी मजुरांना या देशानं पुढे दार बंद केलं, त्यांच्यासारख्यांच्याच हातांनी खणलेल्या डोंगरातली वाइन नव्वद वर्षांनी त्यांच्याच देशाच्या राजधानीत, मैत्रीची म्हणून दिली गेली. पेला उंचावणाऱ्यांची छायाचित्रं निघाली. खणणाऱ्यांचं छायाचित्र कुणी काढलं नव्हतं. परदेशात आलेल्या प्रत्येक पिढीनं हे मुलांना सांगावं असं मला वाटतं, कारण आपण ज्या रस्त्यांवरून आज आरामात जातो, ते कुणीतरी आधी खणलेले आहेत.

पण मंडळी, हे सगळं ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीनच राहिली नसती तर? साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग झपाट्यानं बांधला जात होता. आज जिथे आपले हजारो मराठी लोक राहतात आणि काम करतात, त्या सांता क्लारा खोऱ्यात, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत, तेव्हा जर्दाळू, चेरी आणि प्रून यांच्या बागा होत्या. त्या गेल्या आणि घरं, रस्ते, कारखाने आले. नापाचंही तेच होणार अशी चिन्हं होती. तेव्हा काही शेतकऱ्यांनी आणि वायनरीवाल्यांनी कौंटीकडे आग्रह धरला की खोऱ्याची जमीन शेतीसाठीच राखीव ठेवा आणि तिचे लहान लहान तुकडे पाडू देऊ नका. जॅक डेव्हिस त्यांच्यात पुढे होते. विरोधही जोरदार झाला. जमीन माझी, ती विकायची की तुकडे पाडायचे हे मी ठरवणार, असं म्हणणारे बरेच होते, आणि त्यांचंही म्हणणं अगदी चूक नव्हतं. शेती परवडेना तर म्हातारपणी जमिनीचाच आधार असतो. शेवटी १९६८च्या एप्रिलमध्ये राखीव शेतजमिनीचा नियम झाला. अमेरिकेत अशा प्रकारचा तो पहिला मानला जातो. सुरुवातीला सुमारे २३ हजार एकर जमीन त्यात आली. वीस एकरांपेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही असं ठरलं आणि पुढे ही मर्यादा खोऱ्यात चाळीस एकरांवर गेली. १९९० साली मतदारांनी आणखी एक कुलूप लावलं: शेतजमिनीचा वापर बदलायचा असेल तर लोकांचं मत घ्यावं लागेल. २००८ साली त्यांनीच हे कुलूप २०५८ सालापर्यंत वाढवलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जमीन राखली गेली, पण ती इतकी महाग झाली की आज एखाद्या नव्या जोडप्याला तिथे जॅक आणि जेमींसारखी सुरुवात करणं जवळपास अशक्य आहे. बागेत राबणाऱ्या, बहुतांश मेक्सिकोतून आलेल्या मजुरांना जवळपास घर परवडत नाही आणि त्यातले कितीतरी लांबून येतात. कुठल्याही नियमाची किंमत कुणीतरी मोजतंच. तरीही त्या नियमाशिवाय आज तिथे बागांऐवजी काय असतं, हे सांता क्लाराकडे पाहिलं की कळतं.

जॅक १९९८ साली गेले आणि जेमी २००८ साली. कारभार धाकट्या ह्यूकडे आला. तो वाइनचं शास्त्र शिकून, आधी तळघरात काम करून वर आलेला. या कुटुंबाचं एक शहाणपण मला विशेष वाटतं. सुरुवातीला त्यांनी घराभोवतीच्या डोंगरावरच शार्दोने आणि पिनो लावली होती. काही वर्षांत लक्षात आलं की ही जागा त्या द्राक्षांसाठी फार उष्ण आहे. फेसाळ वाइनला लागणारा आंबटपणा समुद्राच्या गार वाऱ्यात आणि धुक्यात टिकतो. मग ते कार्नेरोस, अँडरसन व्हॅली आणि सोनोमा-मरिनच्या किनारपट्टीवरून द्राक्षं घ्यायला लागले आणि घरच्या डोंगरावर उष्णता मानवणारं काबर्ने लावलं. घरच्या मातीवर प्रेम असावं, पण तिला जे जमत नाही ते तिच्याकडून मागू नये. लवकर खुडणीचाही एक फायदा अलीकडे कळतो आहे. २०२०च्या सप्टेंबरअखेर ग्लास फायर हा वणवा नेमका सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगाच्या आसपास पेटला. धुरात सापडलेल्या द्राक्षांची वाइन राखेसारखी लागते. फेसाळ वाइनची द्राक्षं तोवर बहुधा घरात आलेली असतात.

आता जरा आपल्याकडे वळूया. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव तमाशासाठी आणि टोमॅटोच्या बाजारासाठी तुम्हाला माहीत असेल. तिथे १९८०च्या दशकात शामराव चौगुले या उद्योजकानं हीच बाटलीत आंबवण्याची फ्रेंच पद्धत आणली. शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हाइडसिकचं तांत्रिक साहाय्य घेतलं. ‘शॅम्पेन इंडेज’ या कंपनीची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन युरोपात विकली गेली. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांची फेसाळ वाइन लंडनच्या टेबलावर, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आपल्याकडचं हवामानही वेगळं. तिथे हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. काढणी येते जानेवारी ते मार्चमध्ये, रात्रीच्या थंडीचा फायदा घेत. हे गणित आपल्या द्राक्ष बागायतदारांनी बसवलं. पुढे २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगासाठी धोरण आणलं, नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि फ्रान्सच्या शाँदाँ कंपनीनंही दिंडोरीत येऊन फेसाळ वाइन सुरू केली. पण वाट पाडणारं इंडेज मात्र टिकलं नाही. कंपनी भराभर वाढली, परदेशातल्या कंपन्या विकत घेतल्या, आणि २००८च्या जागतिक मंदीनंतर कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. कौशल्य होतं, माती होती, नावही होतं. वाइन सावकाश मुरत होती आणि कर्ज मात्र तिच्याहून वेगानं वाढलं.

हे सांगण्यामागे कुणाला कमी लेखायचा हेतू नाही. डेव्हिस कुटुंबाला भांडवल, बाजारपेठ आणि जमीन राखणारा कायदा यांचा आधार होता. आपल्या बागायतदाराला अवकाळी पावसाशी आणि गारपिटीशी लढायचं असतं. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. गावाकडच्या सातबाऱ्यावर आज किती चुलतभावंडांची नावं आहेत? त्यातले किती पुण्यात, किती न्यू जर्सीत, किती सिडनीत? दर सुट्टीत एकच विषय निघतो: एनए करून प्लॉट पाडायचे, की कुणा एकाला कसायला द्यायची? उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असेल. फक्त ते ठरवताना नापातल्या त्या लोकांनी विचारलेला प्रश्नही विचारून बघा, की आपल्यानंतर तीस वर्षांनी या जमिनीवर काय दिसावं?

जाता जाता थोडं कामाचं. दुकानात लेबल वाचताना ‘फर्मेंटेड इन धिस बॉटल’ किंवा ‘मेथड ट्रॅडिशनेल’ दिसलं तर आज सांगितलेली पद्धत समजा. इटलीची प्रोसेको मोठ्या बंद टाकीत आंबवतात. ती लवकर होते, ताज्या फळासारखी लागते आणि स्वस्त पडते. ती हलकी म्हणून वाईट नव्हे, तिची मजा वेगळी. ‘शॅम्पेन’ हे नाव खरं तर फ्रान्सच्या त्या प्रांताचं, पण २००६च्या करारानुसार अमेरिकेतल्या जुन्या लेबलांना ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ लिहायची सूट आहे. आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ या शब्दाला फसू नका. ती ‘ब्रूट’पेक्षा थोडी गोडच असते! आपल्या बटाटेवड्याबरोबर किंवा साबुदाणा वड्याबरोबर ब्रूट छान जाते, कारण तळणाचा तेलकटपणा तिचा आंबटपणा कापून काढतो. गोडाच्या ताटाबरोबर हवी असेल तर ‘डेमी-सेक’ बघा.

बाटली उघडताना ती चांगली गार करा, तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढू नका, बाटली तिरकी धरून बूच नव्हे तर बाटली फिरवा. मोठा आवाज झाला की फेस वाया गेला. आणि बुचाचं तोंड कुणाच्या चेहऱ्याकडे नको, आतला दाब किती आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

भारतातून आई-बाबा आले की नापाचा बेत बऱ्याच घरांत ठरतो. श्रॅम्सबर्गला जायचं तर आधी वेळ ठरवून जावं लागतं. बोगद्यांत बारा महिने गारवा असतो, म्हणून आईसाठी शाल बरोबर ठेवा. चाखायला वय २१ पूर्ण हवं आणि गाडी चालवणाऱ्यानं चाखू नये, हे वेगळं सांगायला नकोच. तुम्ही पूर्व किनाऱ्यावर असाल, तर न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्समध्ये डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक या युक्रेनहून आलेल्या शास्त्रज्ञाच्या घराण्याची वायनरी आहे. तेही याच पद्धतीनं फेसाळ वाइन करतात आणि तिथेही धंदा पिढ्यान्‌पिढ्या घरातच राहिलेला आहे.

आणि तिथे गेलात की पेला हातात घेण्याआधी बोगद्याच्या भिंतीवरून एकदा हात फिरवा. मुलांना त्या खुणा दाखवा आणि त्या कुणी केल्या तेही सांगा.

आजच्यापुरतं इतकंच, मंडळी. तुमच्या गावाकडच्या द्राक्षबागेची, जमिनीची काही गोष्ट असेल तर आम्हाला जरूर कळवा. काळजी घ्या, पुन्हा भेटूया. नमस्कार!